भिरंडं, साखर आणि एक साधा फ्रीज: २१६ कांड्यांचा हिशेब

सहा कांड्या घरी करणं काहीच अवघड नाही. रस साच्यात ओतायचा, काडी टोचायची, फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचं. दोनशे करायच्या आणि त्याही विकायच्या असं ठरलं की मात्र फ्रीजरमधली जागा, वीज, साखरेचं प्रमाण, नोंदणी असं सगळं एकदम अंगावर येतं. गोव्यात डिचोलीजवळच्या आमच्या वाड्यावरच्या महिला मंडळाने २६ मे २०२४ च्या रविवारी देवळासमोरच्या बाजारात फळांच्या कांड्यांचा स्टॉल लावला. त्याआधीच्या पाच आठवड्यांत काय केलं, काय फसलं आणि का फसलं, ते क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात फळांपासून नाही, कागदांपासून झाली. विकायचं म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. २०२४ च्या नियमांप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर परवाना लागत नव्हता, साधी नोंदणी पुरत होती. शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. अर्ज त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर भरायचा. सोबत फोटो, ओळखपत्र आणि ज्या स्वयंपाकघरात पदार्थ होणार त्या जागेचा पुरावा. २२ एप्रिलला अर्ज केला, २६ ला तो शंका काढून परत आला. चूक आमचीच होती. ओळखपत्रावर घराचा जुना नंबर आणि वीजबिलावर नवा. दोन्ही नंबर एकाच घराचे आहेत असा पंचायतीचा दाखला आणायला दोन फेऱ्या झाल्या. ६ मे रोजी चौदा आकडी क्रमांकाचं प्रमाणपत्र हातात आलं. तेवढे दिवस पोटात गोळा होता, कारण फळांचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. अर्ज भरण्याआधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून पाहा, आणि किमान महिनाभर हातात ठेवा. प्रमाणपत्राची प्रत स्टॉलवर दिसेल अशी लावायची असते, तेव्हा एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घालून तयार असू द्या.

या मधल्या दिवसांत साचे आणि काड्या घेतल्या. सहा खणांचे चार साचे, एकेक खण ८० मिलीचा, चारही मिळून १२०० रुपये. कोणीतरी कुल्फीचे ॲल्युमिनियमचे साचे देऊ केले होते. दूध-मलईला ते चालतात, पण कोकम, अननस, कैरी असलं आंबट त्यात तासन् तास राहिलं की धातूची चव उतरते, म्हणून नको म्हटलं. काड्या लाकडीच. आईस्क्रीमच्या आणि कँडीच्या प्लास्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. लाकडी काडी घेताना वास घेऊन पाहा. कुबट वास असेल तर तो थेट कांडीत उतरतो.

३ मे, शुक्रवार. सकाळी म्हापशाच्या बाजारात. मानकुराद आंब्याचा भाव ऐकूनच अर्धा निर्णय झाला, आणि माझं मत तसंही हेच आहे की मानकुराद कांडीत घालणं म्हणजे त्याला शिक्षा करणं आहे. थंडीने जीभ बधिर होते, आणि ज्या सुगंधासाठी तेवढे पैसे मोजतो तोच नीट कळत नाही. कांडीला मुसराद चांगला: रस भरपूर आणि भाव परवडणारा. त्यातही डाग पडलेले, पूर्ण पिकलेले घ्यायचे. एका आंबेवालीने टोपलीच्या तळाचे आंबे निम्म्या भावात दिले आणि वर बजावलं, "बाय, आयजूच खा, फाल्यां कुसतले." (आजच खा, उद्या कुजतील.) असा माल मिळाला की त्याच संध्याकाळी रस काढून, मोजून, पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकायचा. रस महिनाभर छान टिकतो.

त्याच दिवशी काजूची बोंडं घेतली. हंगाम संपत आला होता. आणि भिरंडं, म्हणजे रातांबे (कोकमाची फळं), पाच किलो.

पहिला प्रयोग ४ मे रोजी, तीन चवींचा. आंबा, आडसर (शहाळं) आणि काजूचा नीरो (बोंडांचा ताजा रस). तिन्ही फसले, आणि तिन्हींची कारणं वेगळी होती.

आंब्याच्या रसात अंदाजाने पाणी घातलं होतं, साखर अजिबात नाही, कारण आंबा गोडच होता. नऊ तासांनी जी कांडी निघाली ती दातांना दगड. दोनदा चोखली की रंग आणि गोडी तोंडात आणि काडीवर पांढरा बर्फ. कारण असं की घरचा फ्रीजर हळू गोठवतो. आधी नुसतं पाणी गोठतं आणि साखर, रंग, चव यांना बाजूला ढकलतं. ते गोड पाणी स्फटिकांच्या मधल्या फटींत साचतं. चोखल्यावर ते पहिल्यांदा निघून येतं आणि मागे राहतो तो कोरा बर्फ. कांडीच्या कारखान्यात साचे उणे पंचवीस-तीस अंशांच्या खारट द्रावणात बुडवतात, अर्ध्या तासाच्या आत काम होतं आणि स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही. आपल्या फ्रीजरची हवा फार तर उणे अठरा अंश, आणि हवा ही थंडी पोचवायला फारच मंद. म्हणून घरी जे काही सावरायचं ते साखरेने सावरावं लागतं.

आडसराची कांडी आणखी कठीण झाली. शहाळ्याच्या पाण्यात साखर जेमतेम चार-पाच टक्के. पिताना गोड लागतं, गोठल्यावर काहीच लागत नाही.

आणि नीरो. काजूच्या बोंडांचा ताजा रस गोव्याच्या उन्हात किती वेगाने आंबतो हे इथे कोणाला सांगायला नको. दुपारी पिळला, चहा-पाणी आवरून संध्याकाळी साच्यात भरला, तोपर्यंत त्याला फेस येऊन हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) वाटेला लागला होता. त्या कांड्या रात्रभरात धड घट्ट झाल्या नाहीत, कारण मद्यार्क गोठणबिंदू खाली ओढतो. शिवाय घशाला खवखव. मुलांच्या स्टॉलवर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

५ मे रोजी पुन्हा नीरो, या वेळी घड्याळ लावून. बोंडं धुऊन लगेच पिळली. लिटरभर रसाला ५ ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून, गार करून, ढवळून घातली आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवलं. बोंडातला तुरट अंश या खळीला धरून तळाशी बसतो. सकाळी वरचा निवळ रस हलक्या हाताने ओतून घेतला, तळाचा गाळ टाकून दिला. खवखव बरीचशी गेली. चव उत्तम, पण दोनशेच्या हिशेबात ही चव बसत नव्हती. बोंडंच संपली होती. पुढच्या वर्षी करणाऱ्याने मार्चमध्ये करावी.

७ मे, मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन सगळ्याजणी एकत्र, वजनकाटा मधोमध. त्या दिवशी जे हाती लागलं ते महत्त्वाचं: कांडीच्या मिश्रणात फळाची स्वतःची साखर धरून एकूण साखर वजनाने १७ ते २० टक्के हवी. १५ च्या खाली गेलं की दगड. २५ च्या वर गेलं की काडी हातात आणि कांडी साच्यात. चवीने ओळखायचं तर साध्या तापमानाला मिश्रण नको इतकं गोड लागलं पाहिजे. सरबत म्हणून आवडलं तर कांडी म्हणून ते फिकंच लागणार.

पिकलेल्या आंब्याच्या रसात साधारण १५ ते १८ टक्के साखर असते. म्हणून १ किलो रस, ४०० मिली उकळून गार केलेलं पाणी, ११० ग्रॅम साखर, दोन चमचे लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. एवढ्यात १८ कांड्या होतात. फळ जास्त आंबट किंवा जास्त गोड असेल तर साखर १०-१५ ग्रॅमने मागे-पुढे करा, पण पाणी वाढवू नका. बहुतेक कांड्या पाण्यानेच बिघडतात.

अननस कच्चा वापरला नाही. नारळाच्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर कच्चा अननस घातला तर त्यातलं विकर प्रथिनं तोडतं आणि मिश्रण तासाभरात कडवट होतं. गर पाच-सात मिनिटं उकळला की हा त्रास संपतो. प्रमाण १ किलो गराला ३०० मिली पाणी, १३० ग्रॅम साखर. मधला कठीण दांडा काढाच. तो मिक्सरमधून गेला तरी कांडीत दोरे लागतात.

आडसराला १ लिटर पाणी, १५० ग्रॅम कोवळी मलई मिक्सरला फिरवून, १८० ग्रॅम साखर. यातच एक पोटप्रकार केला: शहाळ्याऐवजी नारळाचं दाट दूध आणि साखरेऐवजी माडाचा गूळ. दूध उकळू द्यायचं नाही, फाटतं. वाफ दिसली की आच बंद. गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळायचा, तळाला हमखास कचरा निघतो. दुधातल्या स्निग्धांशामुळे ही कांडी सगळ्यांत मऊ झाली.

साबुदाण्याची तीच खळ (लिटरला ५ ग्रॅम, चांगली पारदर्शक होईपर्यंत शिजवलेली) आंब्यात आणि कोकमातही घातली. ती पाणी धरून ठेवते, स्फटिक लहान राहतात. एकीने सुचवलं म्हणून उकड्या तांदळाच्या पेजेचं निवळ वापरून पाहिलं. पोत झकास आला, पण आंब्याच्या कांडीला पेजेचा वास! बाजूला लोणचं ठेवावं की काय असं वाटलं.

आता कोकम. माझ्या मते गोव्यातली सगळ्यांत चांगली कांडी हीच, आणि बाजारात सगळ्यांत कमी मिळते तीही हीच. भिरंडं ३ मे रोजी आणली, त्याच रात्री फोडून बिया आणि पांढरा गर वेगळा केला. सालीचे तुकडे काचेच्या बरणीत, सालीचा एक थर, साखरेचा एक थर, वजनाने सालीच्या दीडपट साखर. तोंडाला फडकं बांधून बरणी रोज उन्हात, रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने ढवळून. दुसऱ्या दिवशीच तळाला रस सुटतो. सातव्या-आठव्या दिवशी साखर पूर्ण विरघळून गडद लाल पाक तयार होतो. तो एकदा गरम करून, गाळून, बाटल्यांत भरला. ओला चमचा गेला तर वर बुरशी येते. आमच्या एका बरणीला आली, ती सगळी टाकली.

कांडीसाठी एक वाटी पाकाला तीन वाट्या पाणी. त्याहून पातळ नको. घरात आगळ (कोकमाचा अर्क) असेल तर ते वापरू नका. आगळात मीठ असतं, सोलकढीला ते हवंच, पण कांडीत खारट लागतं आणि मिठाने कांडी लिबलिबीतही राहते. कोकमाचा रंग आंबटपणामुळे टिकून राहतो, वेगळा रंग घालायची गरज नाही. फोडलेली एक भिरंडाची पाकळी साच्याच्या टोकाशी ठेवली तर कांडी उलटी काढल्यावर माथ्यावर ती दिसते. पाण्याबद्दल एकच सांगते: उकळूनच घ्या. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात.

१४ मे रोजी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली, साडेपाच तास. फ्रीजरमध्ये चोवीस अर्धवट कांड्या. दर पंधरा मिनिटांनी दार उघडून बघायचा मोह होतो, तो आवरायचा. वीज आल्यावर कांड्या तशाच पुन्हा गोठू दिल्या त्या खाली गडद, वर कोऱ्या अशा दोन थरांच्या निघाल्या. ज्या साच्यांतलं मिश्रण अजून फ्रीजच्या पाण्याइतकं गार होतं ते पातेल्यात ओतून, ढवळून पुन्हा भरलं. त्या ठीक झाल्या. नारळाच्या दुधाच्या सहा मात्र फेकल्या, त्यात धोका नको. त्या दिवसापासून फ्रीजरच्या रिकाम्या कोपऱ्यांत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या. वीज गेल्यावर त्या दोन-तीन तास सहज ओढून नेतात.

१९०५ मध्ये फ्रँक एपर्सन नावाच्या अकरा वर्षांच्या अमेरिकन मुलाचा सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्रभर बाहेर राहिला आणि सकाळी कांडी झाली होती, असं सांगतात. पुढे १९२४ मध्ये त्याने पेटंट घेतलं. आपल्याकडे मे महिन्यात सोप्यावर पेला विसरला तर सकाळी मुंग्या मिळतात.

खरं उत्पादन २१ ते २५ मे. चार साचे म्हणजे एका खेपेला चोवीस. साचा एकटा असेल तर सहा तास लागतात, चारही एकदम ठेवले की नऊ ते दहा. म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशा दोन खेपा, पाच दिवसांत नऊ. मिश्रण आधी फ्रीजमध्ये चार तास गार करून मगच साच्यात. कोमट ओतलं तर फ्रीजरमधल्या तयार कांड्याही पाघळतात. खण काठापासून अर्धा सेंटिमीटर रिकामा ठेवायचा, कारण पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. काड्या लगेच खोचल्या तर तरंगून वाकड्या होतात. पावणेदोन तासांनी मिश्रण खिरीसारखं दाट होतं, तेव्हा खोचलेली काडी सरळ उभी राहते. उशीर केला तर काडी शिरतच नाही. त्यासाठी गजर लावा.

काढताना साचा नळाच्या साध्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद. मे महिन्यातलं गोव्यातलं नळाचं पाणी पुरेसं कोमट असतं, गरम पाणी नको. काडी ओढायची नाही, किंचित फिरवायची. निघालेल्या कांड्या गार ताटलीत एकमेकींना न लागता वीस मिनिटं परत फ्रीजरमध्ये, मग पिशवीत. ही वीस मिनिटं वाचवली की सगळ्या एकमेकींना चिकटून एकच ढेकूळ होतं.

साठवायला शेजारच्या घरचा डीप फ्रीजर मिळाला. त्यात बांगडे होते. पहिल्या दिवशीच्या आंब्याच्या कांड्या वाचल्या, नारळाच्या दुधाच्यांना मात्र स्पष्ट वास लागला. स्निग्ध पदार्थ वास पटकन ओढून घेतो. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कांडी आपल्या पिशवीत आणि वीस-वीस पिशव्या झाकणाच्या घट्ट डब्यात. मासे तळाच्या टोपलीत. तरीही पुन्हा करायचं झालं तर मी नारळाचं दूध माशांच्या फ्रीजरला दाखवणार नाही.

२६ मे. देवळापर्यंत दहा मिनिटं, पण बाजार चार तासांचा. मासेवाल्याकडून थर्माकोलचे दोन मोठे खोके घेऊन, घासून, उन्हात वाळवले होते. इथे एक गोष्ट बऱ्याचजणींना ठाऊक नसते: नुसत्या बर्फात कांडी टिकत नाही. वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो आणि साखरेची कांडी उणे दीडच्या आसपासच पाघळू लागते. म्हणजे बर्फ शिल्लक आणि कांडीचं सरबत. बर्फात मीठ मिसळलं की तापमान खाली जातं. तीन किलो फोडलेल्या बर्फाला एक किलो खडे मीठ, थरावर थर. आगरवाड्याचं मीठ घरात होतंच. कांड्या त्या मिठाच्या पाण्याला लागता कामा नयेत, म्हणून स्टीलच्या डब्यात भरून डबा बर्फात पुरला. झाकण एकीनेच उघडायचं, बाकीच्यांनी पैसे घ्यायचे. साडेतीन तासांनी शेवटच्या कांड्या थोड्या मऊ होत्या, पण कांड्याच होत्या.

२० रुपयांना एक. एकूण २१६ केल्या. ११ काढताना मोडल्या किंवा काडी सुटली, १८६ विकल्या, १९ उरल्या. जमा ३७२० रुपये. फळं १४५०, साखर १८०, काड्या १५०, पिशव्या १२०, बर्फ आणि मीठ १३०, नोंदणी १००, एकूण २१३०. शिल्लक १५९०, त्यातून साच्यांचे १२०० वजा केले की ३९० रुपये. विजेचं बिल आणि आमचे श्रम यात धरलेले नाहीत. कोकम पहिल्या दीड तासात संपलं, आंबा शेवटपर्यंत पुरला.

उरलेल्या १९ पैकी १३ आडसराच्या. पंधरा दिवसांनी त्यांतली एक काढली तेव्हा पिशवीच्या आत बर्फाचा भुगा जमला होता आणि कांडी बारीक झाली होती. दंव आपोआप काढणारा फ्रीज दर काही तासांनी थोडा गरम होतो, त्यात कांडीचं पाणी उडून पिशवीला चिकटतं. तोपर्यंत पाऊस सुरू झाला होता आणि बाजारात जांभळं आली होती. जांभळाला बी काढायचा कंटाळा केला नाही तर १ किलो गराला २५० मिली पाणी आणि १२० ग्रॅम साखर पुरते. हात दोन दिवस निळे राहतात.